अकोल्यात स्लॅबखालच्या खोलीत दीड टनाच्या एसीला २.५ चौरस मिमीची वायर चालेल का?

एसी ७-८ अँपिअरच ओढतो, म्हणून वायरमन २.५ची सांगतात. पण मे महिन्यात तापलेल्या स्लॅबमधल्या पाइपात ५० अंश सहज होतात. साध्या पीव्हीसी वायरचं तांबं ७० अंशांपर्यंतच जाऊ द्यायचं असतं. ३० अंशांना २४ अँपिअर सोसणारी २.५ची वायर ५० अंशांना जेमतेम १७ सोसते, आणि वर एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) असतो २० चा! म्हणजे बिघाड होऊन १८-१९ अँपिअर वाहिले, तर वायर भाजेल, एमसीबी मात्र ढिम्म. मी ४ चौरस मिमीचीच टाकेन. ती तिथेही २२च्या आसपास सोसते. एकाच पाइपात दोन एसींच्या वायरी कोंबू नका. आणि 'एफआर' म्हणजे आग पसरू न देणारी, जास्त उष्णता सोसणारी नव्हे. दुकानदार हमखास घोळ घालतात.