सिटी अटर्नीला पण मत द्यायचं?

प्रश्न: माझा भाचा लॉस एंजेलिसला असतो, तो म्हणतो तिकडे शहराचा वकीलसुद्धा लोक मतं देऊन निवडतात. खरं काय हे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: हो, खरंय. तिथे सिटी अटर्नी 4 वर्षांसाठी थेट निवडून येतो, पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत तर वरचे दोघं नोव्हेंबरात परत भिडतात, 2022 ला तसंच झालं आणि हायडी फेल्डस्टीन सोटो जिंकल्या, त्या पदावरची पहिली बाई. शहरावर कुणी केस घातली की बाजू लढवायची आणि किरकोळ गुन्ह्यांचे खटलेही चालवायचे, खून-दरोडे मात्र काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, सरकारी वकिलाकडे (डिस्ट्रिक्ट अटर्नी). म्हणजे पोलिसांनी मारलं म्हणून कुणी भरपाई मागितली तर त्याच्यासमोर हेच ऑफिस उभं राहणार, म्हणून कोण बसतंय याला महत्त्व. न्यूयॉर्कमध्ये मात्र महापौर नेमतो.

आपल्या पणजीत आपण नगरसेवक निवडतो, वकील नाही, आणि राज्याचा अ‍ॅडव्होकेट जनरलही राज्यपालच नेमतात. मला विचाराल तर वकिलाची निवडणूक नकोच, प्रचाराला पैसा देणाऱ्याविरुद्ध तो केस कशी लढवणार? पण वकिलांवर किती खर्च झाला, किती केसेस हरल्या, हे कळायलाच हवं. त्यासाठी आरटीआय टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.