यजमानांचं पत्र ईमेलवर आलंय? जरा थांबा

ताई, तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात नवरा आणि सासूबाईंसह फ्रान्समध्ये ओळखीच्या कुटुंबाकडे बारा दिवस राहणार आहात, त्यांचं निमंत्रण ईमेलवर आलंय आणि 'व्हिसासाठी एवढं पुरेल ना?'. ते वाचलं आणि २०१९ सालचा माझा एप्रिल महिना आठवला. नाही पुरणार. तिकिटं काढली नसतील तर अजिबात काढू नका.

विमा, बँक स्टेटमेंट वगैरे तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही. फ्रान्समध्ये कुणाच्या घरी उतरायचं असेल तर व्हिसासाठी 'अतेस्तासिओं द'अक्यय', म्हणजे यजमान तुम्हाला घरी ठेवून घेणार असल्याचा दाखला, हा कागद लागतो. यजमानाने स्वतः आपल्या गावच्या नगरपालिकेत, म्हणजे 'मेरी'मध्ये जाऊन तो करून घ्यायचा असतो. घराचे कागद आणि उत्पन्नाचा पुरावा दाखवावा लागतो, वर ३० युरोंचा स्टँप (मी गेले तेव्हाचा दर). अर्ज नामंजूर झाला तरी ते पैसे परत मिळत नाहीत.

आम्ही ग्रेनोबलजवळच्या एका गावात राहणार होतो. सर्व्हासमधून ओळख झालेलं जोडपं. सर्व्हास म्हणजे १९४९ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेली, पैसे न घेता एकमेकांना घरी ठेवून घेणाऱ्यांची संस्था. त्यांची पद्धत साधारण दोन रात्रींची, पण या दोघांनी आम्हाला अकरा दिवस बोलावलं. बाईंनी दोन खेपा घालून कागद मिळवला आणि स्कॅन करून पाठवला. मी त्याचा रंगीत प्रिंट काढून फाइलला लावला.

चूक इथेच झाली. लागते ती मूळ प्रत. व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्रात मी खिडकीवरच्या माणसाला स्पष्ट विचारलं होतं, "ओरिजिनल लागेल का? कुरिअरने मागवते." तो मान वर न करता म्हणाला, "चालेल मॅडम." विमानाला नऊ दिवस उरले असताना पासपोर्ट परत आले, सोबत नकाराचा छापील फॉर्म: राहण्याचा हेतू आणि व्यवस्था पुरेशी सिद्ध केलेली नाही, या चौकटीत खूण. केंद्रात गेले तर उत्तर मिळालं, "आम्ही फक्त कागद पुढे पाठवतो, निर्णय आमचा नाही." मग 'चालेल' कुणाच्या अधिकारात सांगितलं होतं? त्यांना अतिरिक्त सेवांचे पैसे घ्यायला वेळ असतो, एका प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला नाही. मला आजही याचा राग येतो. व्हिसा फी गेली, दोघांची परतावा नसलेली तिकिटं गेली. पण सगळ्यात जास्त लागलं ते त्या बाईंना फोन करून सांगताना.

मूळ प्रत कुरिअरने मागवून पुन्हा अर्ज केला, तेव्हा व्हिसा मिळाला. जूनमध्ये गेलो.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. नवरा-बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं एका कागदात बसतात. सासूबाईंचा वेगळा करावा लागेल, म्हणजे यजमानांना वेगळे पैसे आणि वेगळे कागद. सगळ्यांचे पासपोर्ट नंबर आणि प्रवासाच्या नेमक्या तारखा यजमानांना आत्ताच कळवा. व्हिसाचा अर्ज आता सहा महिने आधीपासून करता येतो. मेरीला एखादा महिनाही लागू शकतो, हे धरून चाला.

माझं स्पष्ट मत: हे मागायची भीड वाटते म्हणून कित्येक जण हॉटेलचं खोटं बुकिंग लावतात. तसं करू नका. पण त्या कागदावर सही करून यजमान तुमच्या खर्चाची हमी घेतात, हेही विसरू नका. तुमच्याकडे पैसे आहेत हे त्यांना आधी सांगा आणि स्टँपचे पैसे आग्रहाने द्या.

पुढे इटलीत कुणाच्या घरी उतरणार असाल, तर तिथे यजमानाने ४८ तासांत पोलिसांना कळवायचं असतं. कित्येकांना स्वतःच्या देशाचा हा नियम ठाऊक नसतो, आठवण करून द्या.

भेट म्हणून पेढे, तूप, श्रीखंड नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, आणि आंब्याला रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. आम्ही सावंतवाडीची लाकडी फळं नेली, ती अजून त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आहेत. सासूबाई शाकाहारी असतील तर 'मासेही नाहीत' असं वेगळं लिहा, नुसतं 'व्हेजिटेरियन' सांगून आमच्या ताटात पहिल्या रात्री मासा आला होता.

मी एजंट नाही, हा माझा अनुभव आहे आणि नियम बदलतात. फ्रान्सच्या अधिकृत व्हिसा संकेतस्थळावरची यादी अर्जाच्या आठवड्यात पुन्हा वाचा. खिडकीवर कुणी 'चालेल' म्हणालं तरी मूळ प्रत हातात आल्याशिवाय अपॉइंटमेंट घेऊ नका. फॉर्ममध्ये काही अडलं तर इथेच विचारा, माझ्या फाइलची प्रत अजून जपून ठेवलेली आहे.