अध्यात्मात पुढे जायचं तर अहंकार पूर्ण मारावा लागतो का?

नाही, मारावा लागत नाही आणि खरं सांगायचं तर मारताही येत नाही, कारण मारायला निघालेला पण तोच असतो आणि मग "माझा अहंकार गेला" हे मिरवतो पण तोच. सांख्य दर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या एका जुन्या तत्त्वज्ञानात, २५ तत्त्वं आहेत, त्यात बुद्धीनंतर लगेच अहंकार येतो आणि मन, इंद्रियं वगैरे त्याच्यातून निघतात, म्हणजे तो काही रोग नाही, मशीनचा पार्ट आहे. काम आहे ते त्याची पकड ढिली करायचं. पुण्यात असाल तर पालख्या मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठेत नाहीतर भवानी पेठेत जाऊन बघा, वयाने मोठा माणूस समोरच्या पोराच्या पाया पडतो, पोरगंही लगेच उलट वाकतं, दोघं माउली म्हणतात आणि पुढं जातात, नाव-गाव कोणी विचारत नाही (त्याचा सेल्फी काढून स्टेटसला टाकला की झालं, परत मीच!). ध्यान करत असाल तर "आज काय मस्त बसलो" असं वाटतं ना, तिथे तो दिसतो, नुसता बघायचा, भांडत बसायचं नाही. फक्त जो आधीच स्वतःला कमी लेखतो, सतत दबून राहतो, त्याला हे लागू नाही, त्याने आधी समोरच्याला नाही म्हणायला शिकावं, आणि कोणी गुरू "अहंकार सोड" म्हणत प्रश्नच विचारू देत नसेल तर तिथून सरळ निघावं.