नेट तुटतं, पण नेमकं कुठं?

भाऊ, राउटर बदलायच्या आधी दोष घरात की बाहेर ते पाहा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या, दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरचा पत्ता पिंग करा, म्हणजे तिकडून उत्तर येतं का ते तपासा; बहुधा १९२.१६८.१.१ असतो, आयपीकॉन्फिग दिलं की 'डिफॉल्ट गेटवे'समोर दिसतो. दुसरीत ८.८.८.८, हा इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता. दोन्हीत शेवटी हायफन-टी लावा, म्हणजे पिंग चालूच राहील.

नेट गेलं की पाहा. राउटरचंच उत्तर थांबलं तर दोष घरातला. लॅन केबल लावून बघा. केबलवर टिकलं तर वायफायची भानगड. जाड मातीच्या भिंतीपलीकडे वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड नीट पोचत नाही, २.४ वर या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायला उपकरण बंद करण्याची खूणही काढा. लॅपटॉपवर हे बऱ्याचदा नडतं.

राउटर उत्तर देतो पण ८.८.८.८ नाही, तर दोष बहुधा बाहेरचा. फायबरच्या डब्यावर लॉसचा (LOS, सिग्नल येत नसल्याचा) दिवा लाल असेल तर बहुधा वायर तुटली, मुडपली किंवा माकडांनी ओढली. तक्रार नोंदवा, उगाच रिसेट करू नका. दोन्ही चालू, फक्त साइट उघडत नाही? डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, बदला.

आपल्याकडचं खरं दुखणं मात्र वीज. मोटारपंप सुरू झाला की व्होल्टेज पडतं नि राउटर रिस्टार्ट होतो. राउटरचे सगळे दिवे एकदम विझून लागले की समजा. मिनी यूपीएस, म्हणजे राउटरपुरता बॅटरी बॅकअप, घ्या, पण अडॅप्टरवर लिहिलेलाच व्होल्ट, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. १२ च्या राउटरला ९ व्होल्ट देऊ नका.