दुपारची गोळी लागू होत नाही? डोस वाढवण्याआधी घड्याळ आणि ताट बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा ६८ वर्षांचे, राहायला नागपूरला, पार्किन्सनचं निदान होऊन पाच वर्षं झाली. लेव्होडोपा-कार्बिडोपाची ११० ची गोळी सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ ला घेतात. सकाळची चांगली लागू होते, दुपारची होतच नाही. दारात पाय जमिनीला चिकटतात, आणि मे लागल्यापासून उठलं की चक्कर येते. डॉक्टरांना डोस वाढवून मागायचा का?

लगेच नको. आधी सात दिवसांची नोंद करा. साध्या वहीत, जागेपणी दर तासाला एक ओळ: गोळी किती वाजता घेतली, काय खाल्लं, आणि अवस्था काय. अवस्थेला तीनच शब्द ठेवा: 'चालू' (गोळीचा असर आहे), 'बंद' (असर उतरला), 'वळवळ'. वळवळ म्हणजे मान, खांदे, पाय आपोआप नाचल्यासारखे हलणं. याला ताल नसतो. कंप तालात असतो आणि बहुधा हात निवांत मांडीवर असताना जास्त दिसतो. हा फरक ओळखता आलाच पाहिजे, कारण वळवळ बहुतेक वेळा औषध जास्त झाल्याची खूण असते. घरचे मात्र आजार वाढला समजून आणखी गोळी मागतात, आणि वळवळ अजून वाढते.

आता दुपारचं. लेव्होडोपा रक्तात फार टिकत नाही, साधारण दीड तासात निम्मं होतं. सुरुवातीच्या वर्षांत मेंदूतल्या उरलेल्या पेशी त्यापासून झालेलं डोपामिन (हालचालींचे निरोप पोचवणारं मेंदूतलं रसायन) साठवून पुरवून पुरवून वापरतात, म्हणून तीन गोळ्यांवर दिवस निघतो. पेशी कमी होत गेल्या की साठा राहत नाही आणि शरीर गोळीच्या तालावर चालू-बंद होऊ लागतं. सकाळी ८ ची गोळी साडेबारालाच संपत असेल, तर २ वाजेपर्यंत बाबा आधीच 'बंद' झालेले असतात. तो दोष अंतराचा आहे. अशा वेळी तेवढंच औषध दिवसात चार वेळा वाटून देणं हा उपाय बऱ्याचदा डोस वाढवण्यापेक्षा बरा पडतो. पण हे डॉक्टर ठरवतील, आणि तुमची वही बघितल्यावरच नीट ठरवू शकतील.

दुसरी शक्यता ताटातली. तुमच्याकडे जेवण एकला होत असेल तर २ ची गोळी वरण, दही, पनीर यांच्या मागोमाग पोटात जाते. प्रथिनं पचून जी अमिनो आम्लं होतात, ती आणि लेव्होडोपा एकाच वाटेने आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरतात. वाट अरुंद, गर्दी मोठी, आणि गोळी मागे राहते. शिवाय भरल्या पोटी अन्न उशिरा पुढे सरकतं, तेलकट जेवणानंतर तर आणखीच. रविवारच्या सावजी मटणानंतर बाबा संध्याकाळपर्यंत खुर्चीत थिजून बसत असतील तर कारण हेच असू शकतं.

म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा ते पाऊण तास आधी, किंवा जेवणानंतर निदान एक-दीड तासाने, पूर्ण पेलाभर पाण्यासोबत. दुधासोबत नको. मळमळ होत असेल तर एखादं बिस्कीट किंवा अर्धं केळं चालतं. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा, लोह लेव्होडोपाला बांधून ठेवतं. आणि प्रथिनं बंद करू नका, ही चूक घरोघरी होते. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतातच, नाहीतर स्नायू झिजतात आणि पडण्याचा धोका वाढतो. फक्त मोठा वाटा रात्रीकडे सरकवा: दुपारी पोळी, भाजी, भात आणि वरण दोनच चमचे; रात्री दाट वरण, अंडी, पनीर, दही.

माझा तिसरा संशय स्ट्रिपवरच्या आकड्यावर आहे. ११० म्हणजे १०० मिलीग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५ मध्ये लेव्होडोपा तेवढंच, पण कार्बिडोपा २५. कार्बिडोपाचं काम एवढंच की लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधी शरीरात वाया जाऊ न देणं. त्यासाठी साधारणपणे दिवसाला ७० ते १०० मिलीग्रॅम लागतं. ११० च्या तीन गोळ्यांत ते जेमतेम ३० होतं, १२५ च्या तिनांत ७५. कमी पडलं तर मळमळ होते, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला कमी मिळतं. हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा. औषधाच्या दुकानात स्वतःच बदलून आणू नका, आणि दुकानदाराने '११० संपली, १२५ घ्या' म्हटलं तरी फोन करूनच घ्या. हळूहळू सुटणारी गोळी असेल तर ती कुटायची किंवा चावायची नाही.

बद्धकोष्ठ इथेच सांगतो, कारण लोक त्याला वेगळी तक्रार समजतात. पार्किन्सनमध्ये आतडी मंदावतात, कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधीपासूनही. तीन-तीन दिवस पोट साफ होत नसेल तर गोळीही उशिरा लागू होते. पाणी, सोललेली संत्री फोडी खाऊन (रस काढून नाही), पालेभाजी, चालणं. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांकडून रोजचं सौम्य औषध घ्या.

नागपूरचा मे आणि चक्कर. पार्किन्सनमध्ये उभं राहताना रक्तदाब सावरणारी यंत्रणा दुबळी होते, लेव्होडोपा तो अजून थोडा उतरवतं, आणि पारा ४५ च्या घरात असताना घामाने पाणी गेलं की उरलंसुरलं संपतं. घरच्या यंत्राने मोजा: पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. मोजताना बाजूला कोणी उभं असू द्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर वहीत लिहा आणि दाखवा. दहा वर्षांपूर्वी सुरू झालेली रक्तदाबाची गोळी आणि प्रोस्टेटची गोळी आता जास्त होत असू शकते, हे कोणी तपासतच नाही. अंथरुणातून उठण्याआधी दोन पेले पाणी, मग काठावर दोन मिनिटं बसून पाय हलवणं, मग उभं राहणं. पन्हं उत्तम. मीठ वाढवायचं का, हे हृदय-मूत्रपिंड बघून डॉक्टरच सांगतील. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, फिरणं सकाळी सातच्या आत. आणि कूलरची वायर, पाइप चालायच्या वाटेतून काढा, खाली ठिबकणारं पाणी लगेच पुसा. गुळगुळीत फरशी ओली असली की नीट चालणाराही घसरतो.

दारात पाय चिकटणं. तेव्हा हाताला धरून ओढू नका, 'चला, लवकर' म्हणू नका. घाई केली की पाय जास्त गोठतात. थांबायचं, ताठ व्हायचं, वजन डावीकडे-उजवीकडे दोनदा टाकायचं, मग 'एक' म्हणून मोठं पाऊल. उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे फरशीपेक्षा उठून दिसणाऱ्या रंगाच्या चिकटपट्ट्या आडव्या लावा, साधारण दीड फुटाच्या अंतराने. पट्टी ओलांडायला सांगितलं की पाय उचलला जातो. वळताना जागेवर गिरकी नको, मोठा वळसा घ्यायचा. हातात ताट घेऊन किंवा फोनवर बोलत दार ओलांडायचं नाही. चिकटणं फक्त 'बंद' वेळेत होतं की 'चालू' असतानाही, हे वहीत वेगळं लिहा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे.

आणि एक यादी बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. चक्कर आली की जवळच्या दवाखान्यात प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन दिलं जातं; उलटीला मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन; रात्री भास-बडबड झाली तर हॅलोपेरिडॉल. ही सगळी मेंदूतल्या डोपामिनचीच वाट अडवतात आणि माणूस लाकडासारखा होऊ शकतो. उलटीला डॉमपेरिडोन बहुधा चालतं, पण हृदय बघून. ट्रायहेक्सिफेनिडिल (कंपावरची जुनी गोळी) जुन्या चिठ्ठीत असेल तर या वयात ते चालू ठेवायचं का, हे विचारा. गोंधळ, लघवी अडकणं, बद्धकोष्ठ त्याने होतं. कौंचबीज म्हणजे खाजकुइलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, म्हणूनच ते चूर्ण गुपचूप सुरू करायचं नाही. मूळ गोळीत भर पडते आणि किती पडली ते कळत नाही.

कधी ॲडमिट करावं लागलं तर गोळ्या आणि घड्याळी वेळा लिहिलेला कागद सोबत न्या. वॉर्डात 'दिवसातून तीनदा' म्हणजे त्यांच्या वेळेला तीनदा, बाबांच्या नव्हे. ऑपरेशनच्या उपाशीपोटी काळातही घोटभर पाण्यासोबत गोळी देता येईल का, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी विचारा. लेव्होडोपा एकदम बंद केलं तर तीव्र ताप, अंग ताठरणं, शुद्ध हरपणं इथपर्यंत जाऊ शकतं.

कागदपत्रांचं एक: दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या यादीत पार्किन्सन आहे. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत गेलात तर दिव्यांगत्व प्रमाणपत्राची चौकशी करून या.

आता तुम्ही इतकं सांगा: स्ट्रिपवर ११० च लिहिलंय ना, गोळी साधी की हळूहळू सुटणारी, रक्तदाब किंवा प्रोस्टेटची कोणती औषधं चालू आहेत, आणि सकाळच्या गोळीचा असर नेमका किती वाजता उतरतो. मग पुढचं बोलता येईल.