क्रॅनबरीच्या शाळेबद्दल विचारलंत, म्हणून जरा सविस्तर

तुमची बदली न्यू जर्सीत प्लेन्सबरोजवळच्या ऑफिसात होतेय, मुलगी चौथीत आहे, मुलगा सातवीत. घरं दाखवणाऱ्या एजंटने शेजारच्या क्रॅनबरी गावातलं घर सुचवलंय आणि सोबत एक तक्ता पाठवलाय : शाळेचे निकाल राज्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी वर. एवढ्यावर घर ठरवावं का, असं तुम्ही विचारलंय. शाळा चांगली आहे, हे आधीच सांगते. पण तो फरक कशामुळे पडतो हे समजून घेतल्याशिवाय भाडेकरारावर सही करू नका.

या एवढ्याशा राज्यात सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, म्हणजे एकेका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्वतंत्र मंडळं. क्रॅनबरीचं सगळं डिस्ट्रिक्ट म्हणजे एकच शाळा, आठवीपर्यंतची, पाचशेच्या आसपास मुलांची. लागूनच असलेल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोत हाच आकडा नऊ हजारांच्या घरात जातो.

आता तुमचा तक्ता घ्या. तिसरीपासून एनजेएसएलए ही राज्याची परीक्षा असते. गुण ६५० ते ८५० मध्ये मोजतात आणि ७५० किंवा वर असलेलं मूल ‘अपेक्षा पूर्ण करणारं’ धरतात. तक्त्यातली टक्केवारी अशा मुलांची आहे. क्रॅनबरीत एका इयत्तेत पन्नासेक मुलं, म्हणजे एक मूल दोन टक्क्यांचं. पाच मुलं ७४८ वर अडकली की निकाल दहा टक्क्यांनी खाली, पुढच्या वर्षी तशीच पाच मुलं ७५२ वर गेली की दहा टक्क्यांनी वर. शिक्षक तेच, वर्ग तेच. राज्यात मात्र एका इयत्तेत लाखभर मुलं असतात, तिथे एक टक्का हलायला हजार मुलांचे गुण बदलावे लागतात. म्हणून एका वर्षाचा आकडा बघून हुरळूनही जाऊ नका आणि घाबरूनही जाऊ नका. निदान तीन वर्षं बघा, आणि तीसुद्धा एकाच बॅचची : २०२२ ची तिसरी, २०२३ ची चौथी, २०२४ ची पाचवी. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे ही परीक्षा झालीच नाही, त्यामुळे त्याआधीच्या आकड्यांशी तुलना जपून करा. काही ठिकाणी आकड्याऐवजी फुली दिसेल. गटात मुलं फार थोडी असली की कोणाचा निकाल ओळखता येऊ नये म्हणून तो झाकतात. लहान डिस्ट्रिक्टमध्ये अशा फुल्या जास्त.

खरा मुद्दा मला पुढचा वाटतो. राज्याच्या सरासरीत नेवार्क, पॅटरसन, कॅम्डेन अशा गरीब शहरांतली मुलंही येतात. घरची परिस्थिती बेताची असलेली मुलं राज्यात साधारण तीनात एक, क्रॅनबरीत अगदी थोडी. इथले बरेच पालक शिकलेले, चांगल्या पगाराचे. मग त्यांच्या मुलांचा निकाल राज्याच्या वर येणारच, त्याचं सगळं श्रेय शाळेला कसं देणार? राज्याच्या शिक्षण खात्याच्या वार्षिक अहवालात (तो सगळ्यांना फुकट बघता येतो) आर्थिकदृष्ट्या अडचणीत नसलेल्या मुलांची वेगळी ओळ असते. राज्याची ती ओळ काढा आणि तिच्याशी तुलना करा. फरक बराच आटतो.

त्याच अहवालात ‘स्टुडंट ग्रोथ’चा आकडा असतो, आणि एजंट तो कधीच पाठवत नाहीत. आधीच्या परीक्षांत एखाद्या मुलाइतकेच गुण असलेली राज्यभरातली मुलं घेऊन, त्यांच्यात ते मूल यंदा कुठे आलं हे मोजतात, आणि शाळेतल्या अशा सगळ्या मुलांचा मधला आकडा अहवालात देतात. ५० म्हणजे मधोमध. निकाल उंच पण ग्रोथ चाळिशीत, असं दिसलं तर मुलं घरूनच तयार होऊन येतायत असा अर्थ निघू शकतो. मी असते तर हा आकडा आधी बघितला असता. आणि राज्याची सरासरी म्हणजे सुमार, असंही समजू नका. देशभरच्या चाचण्यांत न्यू जर्सी वर्षानुवर्षं वरच्या राज्यांत असतं.

मुलाचं गणित वेगळं आहे. क्रॅनबरीला हायस्कूलच नाही. नववीपासून इथली मुलं प्रिन्सटन हायस्कूलला जातात आणि त्यांची फी क्रॅनबरी भरतं. त्यामुळे एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा), एपी (हायस्कूलमध्येच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे विषय), बारावी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, यातलं काही क्रॅनबरीच्या अहवालात सापडणार नाही. ते प्रिन्सटनच्या अहवालात वाचा. तुमचा मुलगा वर्ष-दीड वर्ष पन्नास मुलांच्या बॅचमध्ये, जिथे बरीचशी एकमेकांना बालवाडीपासून ओळखतात, आणि मग एकदम दीड हजार मुलांच्या शाळेत. काही मुलांना हे मानवतं. बुजरा असेल तर मी नऊ हजारांच्या डिस्ट्रिक्टचाही विचार करेन, तिथे दर वर्षी नवी मुलं येत असतात. मुलीला मात्र लहान शाळा फार छान जाईल असं मला मनापासून वाटतं, कारण तिथे शिक्षक प्रत्येक मुलाला नावाने ओळखतात.

दर मुलामागच्या खर्चाची राज्याशी तुलना करू नका. विशेष गरजा असलेल्या दोन-तीन मुलांना बाहेरच्या खास शाळेत पाठवावं लागलं, तरी एवढ्या लहान डिस्ट्रिक्टची सरासरी वर जाते. शिवाय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये अ‍ॅबट खटल्यात निकाल दिल्यापासून गरीब शहरांच्या शाळांना राज्याकडून मोठी रक्कम मिळते. म्हणजे जास्त खर्चाची शाळा श्रीमंत गावातलीच असेल असं नाही. क्रॅनबरीला टर्नपाइक या महामार्गाच्या ८ए एक्झिटजवळच्या गोदामांचा कर मिळतो, हा तिथल्या रहिवाशांना मोठाच आधार.

एक सापळा सांगून ठेवते. पोस्टाच्या पत्त्यात ‘क्रॅनबरी’ असलं म्हणजे घर क्रॅनबरी टाउनशिपमध्येच, म्हणजे गावाच्या हद्दीतच, असतं असं नाही. शेजारच्या टाउनशिपांमधल्या काही घरांनाही हाच पत्ता आणि हाच झिपकोड आहे, आणि त्यांच्या शाळा वेगळ्या. क्रॅनबरीत भाड्याची घरं मुळात कमी, म्हणून जाहिरातीत हा घोळ हमखास दिसतो. घराचा पूर्ण पत्ता देऊन शाळेच्या ऑफिसला विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता ते विचारतील. मराठी असंच लिहा. इंग्रजीची छोटी चाचणी घेतील, त्यात नुकसान काही नाही. भाडेकरार, विजेचं बिल, जन्मदाखले लागतील. लसीकरणाची नोंद तारखांसकट, डॉक्टरांच्या सहीशिक्क्याची आणा. मुलाच्या वयाला इथे टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंगोकोकल (मेंदूज्वराच्या एका प्रकारावरची) या दोन लसी लागतात. पुण्यात मेनिंगोकोकल सहसा दिलेली नसते, तेव्हा निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.