वाचक विचारतात: मंगळावरचा व्हिडिओ कॉल आणि नाशिकची भांडणं

या वेळच्या टपालात निम्मी पत्रं एकाच पुस्तकावर आहेत. मंगळावर वस्ती झालीये, तिथे काम करणारी नाशिकची मुलगी आणि इकडे गंगापूर रोडला एकटी राहणारी तिची आई, अशी ती नवीन विज्ञान कादंबरी. नाव देत नाही, कारण शहरात आधीच पुरेशी तोंडं वाजलीयेत आणि लेखिका नवीन आहे. प्रश्न थोडे कापलेत, भाषा तुमचीच ठेवलीये.

आमच्या इंदिरानगरच्या वाचनकट्ट्यावर ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले एक काका येतात. कादंबरीत मुलगी मंगळावरून रोज आईला व्हिडिओ कॉल करते, आई विचारते जेवलीस का, ती लगेच म्हणते हो. काकांनी तिथंच पुस्तक मिटलं आणि पुढचा अर्धा तास आम्हाला झापलं. बाकी सगळ्यांना गोष्ट आवडलीये. शेवटी कादंबरीच आहे ना, एवढं काय त्यात?

राग मानू नका पण मी काकांच्या बाजूने आहे. मंगळ आपल्या सगळ्यात जवळ येतो तेव्हासुद्धा साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो आणि सूर्याच्या पलीकडे गेला की चाळीस कोटींवर. रेडिओ लहरी कितीही पळाल्या तरी प्रकाशाच्याच वेगाने पळणार, सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे निरोप नुसता एका बाजूने पोचायला ३ ते २२ मिनिटं. आईने जेवलीस का विचारलं की हो यायला कधी सहा मिनिटं आणि कधी जवळजवळ पाऊण तास, तेवढ्यात इकडे कुकर होऊन, वरणाला फोडणी देऊन, शेजारच्या काकू येऊन बसून गेलेल्या असतील.

आता चूक झाली याचं मला फार नाही वाटत. वाईट याचं वाटतं की बाईंच्या हातात आयती गोष्ट होती आणि त्यांनी ती सोडून दिली. विचार करा ना, मुलगी रडतीये आणि आईला ते वीस मिनिटांनी दिसतंय, तोवर तिकडे डोळे पुसून ती कामाला लागलेली, आई मात्र आत्ता कुठे कासावीस होतीये. शिवाय साधारण दर २६ महिन्यांनी सूर्य बरोबर मध्ये येतो, तेव्हा मंगळावरच्या यानांना आज्ञा पाठवणं दोनेक आठवडे बंदच ठेवतात, कारण सूर्याजवळून जाताना सिग्नल बिघडतो आणि अर्धवट आज्ञा पोचण्यापेक्षा न पोचलेली परवडली. दोन आठवडे लेकीचा आवाज नाही! गंगापूर रोडच्या त्या आईचं काय झालं असतं यावर एक अख्खं प्रकरण झालं असतं, आणि तेही कुठलंही बनावट संकट न आणता.

पण काकांची यादी तुम्ही पत्रासोबत जोडलीये त्यातला प्रत्येक मुद्दा काही मी उचलून धरणार नाही. मंगळावर वजन ३८ टक्केच भरतं मग नायिका जिने चढताना धापा का टाकते, हा आक्षेप सोडून द्या, अंगावर जड सूट आहे, दिवसभर राबलीये, दमली असेल बिचारी. गोष्ट ज्या विज्ञानावर उभी आहे तिथे सूट द्यायची नाही, बाकी ठिकाणी लेखकाला जरा श्वास घेऊ द्यावा. ही कादंबरी उभीच आई-लेकीच्या बोलण्यावर आहे, म्हणून फोन महत्त्वाचा आणि जिना नाही. काकांना म्हणावं अर्धा तास नको, दहा मिनिटं बोला आणि पुस्तक पूर्ण वाचून या. मिटलेल्या पुस्तकावर बोलायला तसे सगळेच तयार असतात.

पंचवटीतून लिहितोय. लेखिकेला आम्ही पुढच्या महिन्यात गप्पांना बोलावलंय. आयोजकांचं म्हणणं की चुकांबद्दल कोणी विचारायचं नाही, पाहुण्यांचा अपमान होतो. तुम्हाला काय वाटतं?

मला वाटतं आयोजकांनी लॅरी निव्हन या अमेरिकन लेखकाचा किस्सा ऐकावा. १९७० साली त्याची 'रिंगवर्ल्ड' आली. एका ताऱ्याभोवती पूर्ण गोल फिरणारं अवाढव्य कडं, आणि त्याच्या आतल्या बाजूवर वस्ती. आता पहिल्याच प्रकरणात नायक आपला दोनशेवा वाढदिवस लांबवायला पृथ्वीवर या शहरातून त्या शहरात क्षणात उड्या मारत असतो, आणि निव्हनने त्याला पाठवला पूर्वेकडे! पूर्वेला गेलं की मध्यरात्र लवकर गाठणार, म्हणजे वाढदिवस उलट आखडणार. वाचकांनी पकडलं, पुढच्या आवृत्तीत दिशा बदलली.

खरी मजा पुढे आहे. १९७१ मध्ये बॉस्टनला विज्ञानकथांचं जागतिक संमेलन भरलं तिथे एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित तंत्रज्ञान संस्थेची पोरं हॉटेलच्या कॉरिडॉरमधून 'रिंगवर्ल्ड अस्थिर आहे' असं ओरडत फिरत होती. मुद्दा अगदी बरोबर होता, ग्रह आपल्या कक्षेत टिकतो, पण असं अखंड कडं एकदा का जरासं एका बाजूला सरकलं की परत मध्यभागी येत नाही, सरकतच जातं आणि शेवटी ताऱ्याला जाऊन धडकतं. निव्हन रुसला नाही. त्याने पुढचा भाग लिहिला आणि त्यात कड्याच्या काठावर त्याला जागेवर धरून ठेवणारी इंजिनं बसवली, आणि नुसती बसवली नाहीत तर त्यातली बरीचशी काढून नेल्यावर काय होतं हीच गोष्ट केली. आणि गंमत म्हणजे ज्या संमेलनात पोरं बोंबलत होती तिथेच 'रिंगवर्ल्ड'ला विज्ञानकथांचा मानाचा ह्युगो पुरस्कार मिळाला. म्हणजे चुका काढणारे आणि डोक्यावर घेणारे एकाच हॉटेलात होते, काही तर दोन्हीकडे असतील.

तेव्हा विचारू द्या. फक्त विचारणाऱ्याने पान नंबर सांगून विचारायचं, आणि 'तुम्हाला हे माहीतच नाही का' अशी सुरुवात करणाऱ्याचा माइक काढून घ्यायचा.

नाशिकरोडला आमच्याकडे अभिप्रायाची पेटी आहे. त्यात निनावी चिठ्ठ्या येतात. या कादंबरीवर एकीने (किंवा एकाने) लिहिलं, शेवटची साठ पानं नुसतं पाणी घातलंय. दुसऱ्याने लिहिलं, बाईंनी मंगळाच्या भानगडीत न पडता पाककृती लिहाव्यात. काही सभासद म्हणतात निनावी चिठ्ठी वाचायचीच नाही, काही म्हणतात सगळ्या वाचा नाहीतर दडपशाही होते.

पहिली मोठ्याने वाचा, दुसरी फाडून टाका. यात दडपशाही कुठे आली? पहिली पुस्तकाबद्दल आहे, खरी की खोटी ते साठ पानं उघडून बघता येतं. दुसरीत बघण्यासारखं काहीच नाही, कादंबरी न वाचताही ती लिहिता आली असती आणि बहुतेक तशीच लिहिलीये.

निनावीपणाला मात्र सरसकट नावं ठेवू नका. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्याच आद्याक्षरांची उलटापालट करून केलेलं नाव. शास्त्रज्ञ म्हणून तोवर त्यांचा केवढा बोलबाला झालेला, परीक्षकांनी नावाकडे बघून झुकतं माप देऊ नये म्हणून हा खटाटोप. पहिला नंबर आला तो जगतापांचा. तेच नारळीकर पुढे २०२१ मध्ये आपल्या नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तब्येतीमुळे येता आलं नाही ही चुटपुट इथल्या बऱ्याच जणांना अजून आहे. सांगायचं इतकंच की नाव झाकलं ते लिखाण नीट पारखलं जावं म्हणून, की आपण बोललो ते कळू नये म्हणून, हे चिठ्ठी वाचली की लगेच कळतं. पेटी ठेवा. फक्त ती आधी दोघांनी मिळून उघडायची, एकट्याने नाही, म्हणजे आपल्याला न पटलेली चिठ्ठी हळूच खिशात जाणार नाही.

एकाने चर्चेत शेवटच सांगून टाकला. त्याला कट्ट्यावरून काढावं का? (कॉलेज रोड)

नको हो. कितव्या प्रकरणापर्यंत बोलायचं ते आदल्या दिवशी कळवत जा, आणि शेवटाची चर्चा चहानंतर ठेवा, ज्यांचं वाचून व्हायचंय ते चहा पिऊन घरी जातील. या कादंबरीत तसाही शेवट पन्नास पानं आधीच कळतो.

मी सिन्नरला नववीत आहे. आई म्हणते ही कादंबरी भांडणाची आहे, वाचू नको. वाचू का?

वाच की. भांडण पुस्तकात नाहीये, बाहेर आहे. विकत घ्यायची घाई करू नकोस, नाशिकला येणं झालं तर टिळकपथावर सावाना म्हणजे सार्वजनिक वाचनालय आहे, आपलं १८४० पासूनचं, तिथे चौकशी कर. तिथेच नारळीकरांच्या कथा माग, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न माग. आणि मंगळाच्या कादंबरीत फोनचा प्रसंग आला की पेन्सिल घेऊन समासात लिही, उत्तर किती मिनिटांनी यायला हवं होतं ते. पुस्तक स्वतःचं असेल तरच.